जुळ्यांच्या वाट्याला आईची प्रतिपिंडं किती येतात?

सप्तपर्णी

आईची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं (अँटीबॉडीज), दोन बाळांत वाटली जातात, प्रत्येकाला निम्मीच मिळतात आणि म्हणून जुळी नाजूक निघतात, असं मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की यावर स्वतंत्र धागा काढावासा वाटला. ज्यांना जुळी आहेत किंवा होणार आहेत, त्यांच्या मनात हा विचार फार खोल रुतलेला असतो. दोघांना पुरेल एवढं आपल्याकडे नव्हतं, अशी ती खंत. मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते. या खंतीला काहीही आधार नाही आणि कुठल्याही आईने ती उराशी बाळगू नये असं मला कळकळीनं वाटतं.

आधी हिशोब करू. वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जाणारी प्रतिपिंडं एकाच प्रकारची असतात, आयजीजी. साधारण ६० किलो वजनाच्या बाईच्या शरीरात ती सगळी मिळून ५० ते ७० ग्रॅम असतात आणि रोज दोनेक ग्रॅम नवी तयार होतात. आता बाळाकडे पाहा. अडीच किलोच्या बाळात रक्त सुमारे २०० मिली, त्यातला द्रव भाग निम्मा. दर लिटरला १० ग्रॅम धरले तरी बाळाच्या रक्तात आयजीजी साधारण एक ग्रॅम भरतं. तेवढंच रक्ताबाहेर, ऊतींमध्ये. म्हणजे एका बाळाकडे दोन ग्रॅम, जुळ्यांकडे चार. आईचं शरीर दोन दिवसांत जेवढं बनवतं तेवढंच हे, आणि ते घ्यायला बाळांना कित्येक आठवडे मिळतात. आईच्या साठ्याला यानं धक्कासुद्धा लागत नाही.

मग अडतं कुठे? वारेवर, आणि त्याहून जास्त दिवसांवर.

आयजीजी वारेतून आपोआप झिरपत नाही. एवढा मोठा रेणू तसा जाऊच शकत नाही. वारेच्या बाहेरच्या पेशीथरावर आईचं रक्त खेळत असतं. त्या पेशी रक्तद्रवाचे बारीक थेंब आत ओढून घेतात. थेंबाभोवती जी पिशवी तयार होते तिच्यात आम्लता वाढते, आणि आम्लता वाढली की तिथला एफसीआरएन नावाचा ग्राहक रेणू आयजीजीला घट्ट पकडतो. ज्या प्रथिनांना असं कुणी पकडत नाही त्यांची पेशीतच मोडतोड होते. पकडलेलं आयजीजी पलीकडे बाळाच्या बाजूला पोचतं, तिथली आम्लता कमी, त्यामुळे पकड सुटते. असा एखादा ग्राहक असलाच पाहिजे, हे ब्रॅम्बेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापर्यंत तर्कानं मांडलं होतं. तो रेणू हाती लागला १९८९ मध्ये. माझ्या विषयातली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. रेणू दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचं काम ओळखलं गेलं होतं.

ही ने-आण साधारण १३ व्या आठवड्यापासून सुरू होते, पण फार हळू. १७ ते २२ आठवड्यांत बाळाकडे आईच्या पातळीच्या ५ ते १० टक्के एवढंच असतं. २८ ते ३२ आठवड्यांत निम्मं. ३६ च्या आसपास बरोबरी होते आणि पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आईपेक्षाही २० ते ३० टक्के जास्त भरतं. सगळ्यात मोठा लोंढा शेवटच्या चार आठवड्यांत येतो.

आणि जुळ्यांच्या हातून नेमके हेच आठवडे निसटतात. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. कमी पडतो तो वेळ. आईकडचा साठा कमी पडत नाही.

कुहू

सप्तपर्णीताई, किती दिवसांपासून हा प्रश्न कुणाला विचारावा ते कळत नव्हतं. मला २२ वा आठवडा सुरू आहे, जुळी आहेत. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत दोन वारा आहेत असं सांगितलं होतं, पण परवा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या की दोन्ही वारा एकमेकींना चिकटल्यात. मग आता ती एकच वार धरायची का? आणि एका वारेवर दोन बाळं असतील तर प्रत्येकाला कमी मिळतं का?

सप्तपर्णी

कुहू, चिकटल्या तरी त्या दोनच. कडा जुळल्या म्हणून आतल्या रक्तवाहिन्या एक होत नाहीत. पहिल्या तिमाहीत, ११ ते १४ आठवड्यांत, जे सांगितलं तेच ग्राह्य धरायचं. त्या वेळी दोन पिशव्यांमधल्या पडद्याचा वारेला टेकणारा भाग नीट दिसतो, म्हणून तेव्हाचं निदान सर्वांत भरवशाचं. पुढे वारा जवळ आल्या की ओळखणं अवघड जातं.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसू दे. वार ही बाळाची असते. ती बाळाच्याच पेशींतून, बाळाच्याच जनुकांनी घडते. त्यामुळे आयजीजी पकडणारे ग्राहकही बाळाच्या वारेवरचे, म्हणजे बाळाचेच. तुझ्या दोन बाळांकडे ग्राहकांचे दोन स्वतंत्र संच आहेत आणि दोन्ही तुझ्याच रक्तातून, एकमेकांच्या आड न येता, आपापलं काढून घेतात. तू दोघांत वाटत नाहीस, ते दोघं आपापलं नेतात.

एकच वार असलेल्यांची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. वेगवेगळ्या दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांच्या वारा जवळजवळ नेहमी दोन असतात. एकाच बीजाची असतील तर फाळणी कधी झाली त्यावर ठरतं. पहिल्या तीन दिवसांत झाली तर दोन वारा, चार ते आठ दिवसांत झाली तर वार एक आणि गर्भजलाच्या पिशव्या दोन. एकसारख्या जुळ्यांतली साधारण एक तृतीयांश दोन वारांची असतात, उरलेली एका वारेची.

एका वारेतही ग्राहक भरपूर असतात, पण वारेचा कोणता भाग कुणाच्या नाळेकडे जातो ते निसर्ग समसमान ठरवत नाही. एकाला मोठा भाग आणि दुसऱ्याला कडेचा छोटा तुकडा असं होऊ शकतं. ज्याचा तुकडा छोटा त्याची वाढही मागे पडते, आणि वाढ खुंटलेल्या बाळांकडे आयजीजी कमी पोचतं हे एकट्या बाळांच्या अभ्यासांतूनही दिसलं आहे. मात्र एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या आपसात जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाचं रक्त थोडंफार दुसऱ्याकडे जात राहतं आणि रक्तद्रवाबरोबर प्रतिपिंडंही जातात.

वाटसरू

लेख चांगला आहे, पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. अडतं ते वारेवर, असं तुम्हीच म्हणता, म्हणजे ग्राहकांची क्षमता मर्यादित असणार. मग ती कधी ना कधी भरणारच. आणि प्रत्यक्षात जुळी जास्त आजारी पडतात, जास्त वेळा रुग्णालयात जातात. त्यांना काहीतरी कमी मिळत असल्याशिवाय असं कसं होईल?

सप्तपर्णी

वाटसरू, प्रश्न रास्त आहे. क्षमता भरते, अगदी खरं. पण ती भरते आईच्या रक्तातली पातळी फार चढली की. मलेरिया किंवा एचआयव्हीसारख्या आजारांत आईचं एकूण आयजीजी खूप वाढतं, ग्राहकांवर गर्दी होते आणि बाळाकडे जाणारं प्रमाण उलट घटतं. बाळांची संख्या दोन झाली म्हणून ही गर्दी होत नाही, कारण दुसरं बाळ येताना स्वतःचे ग्राहक घेऊन येतं.

जुळी जास्त आजारी पडतात हेही खरंच. पण तुलना करताना आठवडे सारखे धरावे लागतात. ३३ व्या आठवड्यात जन्मलेल्या जुळ्याची तुलना ३३ व्या आठवड्यात जन्मलेल्या एकट्या बाळाशी करायला हवी, ३९ आठवड्यांच्या बाळाशी नाही. शिवाय लवकर जन्मलेल्या बाळाचं आजारपण एकट्या प्रतिपिंडांच्या कमतरतेतून येत नाही. फुप्फुसं कच्ची, त्वचा पातळ, आतडं अपुरं तयार, नळ्या आणि सुया टोचलेल्या, आणि बाळाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशीही पूर्ण तयार नसतात. त्यात घरात सारख्या वयाचं दुसरं बाळ. एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला चुकत नाही.

जलरंग

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ताईंनी लिहिलेल्या शेवटच्या भागाला माझा पूर्ण दुजोरा. आमच्याकडे येणाऱ्या जुळ्यांच्या आया फार वेळा विचारतात, "माझ्यात काही कमी होतं का?" हा प्रश्न ऐकून दर वेळी पोटात कालवतं. वरचा चार ग्रॅमचा हिशोब मी आता तोंडपाठ करणार आहे, त्यांना सांगायला.

एक गोष्ट जोडते. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांकडे आईचं आयजीजी फार थोडं असतं, म्हणून आमचं सगळं लक्ष संसर्ग आतच येऊ न देण्यावर असतं. हात धुणे हे सर्वांत मोठं औषध. भेटायला येणाऱ्यांना आम्ही हात धुवायला सांगतो, सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाही. काहींना ते लागतं. पण ज्या बाळाकडे स्वतःची ढाल नाही त्याच्याभोवती आपणच ढाल व्हायचं असतं. तेव्हा राग मानू नका.

उंबरठा

आमची जुळी ३५ आठवड्यांत झाली. मुलगी २४०० ग्रॅमची, मुलगा १८०० चा. दोघं आता घरी आहेत, तब्येत छान. या धाग्यावरून वाटू लागलंय की मुलाला बहिणीपेक्षा कमी प्रतिपिंडं मिळाली असणार. हे रक्त तपासून बघावं का? आणि ही प्रतिपिंडं किती दिवस पुरतात?

सप्तपर्णी

उंबरठा, दोघंही घरी आणि छान आहेत हे वाचून बरं वाटलं. तपासायची गरज नाही. आकडा हाती आला तरी त्यावरून करायचं काहीच वेगळं नसतं. ३५ आठवडे म्हणजे बरोबरीच्या जवळचा टप्पा. मुलाकडे थोडी कमी असूही शकतात, पण रिकाम्या हातानं तो नक्कीच आलेला नाही.

किती पुरतात, याचा विचार असा करा. आईची प्रतिपिंडं बाळात नव्यानं बनत नाहीत, जी आली ती हळूहळू झिजतात, आणि साधारण तीन ते पाच आठवड्यांत निम्मी होतात. समजा एका बाळाकडे १०० होती आणि दुसऱ्याकडे ५०. पहिल्याची १०० ची ५० व्हायला साधारण महिना लागेल. दुसरं बाळ त्या जागी पहिल्याच दिवशी उभं आहे. म्हणजे निम्म्या प्रतिपिंडांचा अर्थ संरक्षण निम्मे दिवस असा होत नाही, ते साधारण महिनाभर आधी संपतं असा होतो. मला हा हिशोब फार दिलासा देणारा वाटतो, कारण तो महिना पुढे हलवता येतो. तिथे गरोदरपणात आईनं घेतलेली लस कामाला येते.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान प्रत्येक बाळाच्या रक्तातलं आयजीजी सर्वांत खाली जातं. आईचं संपत आलेलं आणि स्वतःचं अजून पुरेसं न बनलेलं, असा तो काळ. पूर्ण दिवसांच्या एकट्या बाळालाही तो चुकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तळ आणखी खोल जातो आणि आधी येतो.

कुहू

मग मी काय करू शकते ते सांगा. दोन बाळं आहेत म्हणून लशीचे दोन डोस घ्यायचे का? आणि कधी?

सप्तपर्णी

डोस एकच. तुझी पातळी एकदा वर गेली की दोघंही त्याच पातळीतून घेणार.

डोसाइतकंच महत्त्व आहे वेळेला. लस घेतल्यावर प्रतिपिंडं वर चढायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर ती वारेतून पलीकडे जायला वेळ हवा. डांग्या खोकल्याची लस अमेरिकेत २०१२ पासून प्रत्येक गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान द्यायला सांगतात. ब्रिटनने २०१२ च्या उद्रेकानंतर मोहीम सुरू केली तेव्हा २८ व्या आठवड्यापासून सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते १६ व्या आठवड्यापर्यंत मागे आणलं. लवकर जन्मणाऱ्या बाळांनाही फायदा व्हावा, हे त्यामागचं एक मोठं कारण. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या २०१६ च्या अभ्यासात तर दुसऱ्या तिमाहीत लस घेतलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात तिसऱ्या तिमाहीपेक्षा जास्त प्रतिपिंडं आढळली. पातळी थोडी उतरली तरी चालतं, ने-आण करायला मिळालेले आठवडे जास्त मोलाचे ठरले.

माझं स्पष्ट मत आहे की जुळी असतील तर परवानगी असलेल्या मुदतीच्या सुरुवातीलाच लस घ्यावी, शेवटासाठी थांबू नये. ३५ व्या आठवड्यात घेऊ म्हणणाऱ्या जुळ्यांच्या आईची प्रसूती ३५ व्या आठवड्यातच होऊ शकते. तुझ्या देशातली मुदत काय आहे ते तुझ्या डॉक्टरांना याच भेटीत विचार, पुढच्या भेटीवर ढकलू नकोस.

फ्लूची लस कुठल्याही महिन्यात चालते. बाळाला सहा महिन्यांच्या आत ती लस देता येत नाही, म्हणून तोवर आईचीच प्रतिपिंडं उपयोगी पडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या चाचणीत लस घेतलेल्या आयांच्या बाळांत तपासणीनं सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला होता. आणि धनुर्वाताचं उदाहरण तर सर्वांत मोठं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये नवजात धनुर्वातानं ७,८७,००० बाळं गेली. २०१८ मध्ये हा आकडा २५,००० वर आला. स्वच्छ प्रसूतीचा त्यात वाटा आहेच, पण आयांना दिलेल्या लशीचा वाटा फार मोठा. त्या बाळांनी स्वतः एकही लस घेतलेली नव्हती.

जलरंग

आरएसव्हीबद्दल मी लिहिते, कारण लहान बाळांची छाती भरवणारा हा विषाणू आम्ही जवळून पाहतो. २०२३ पासून गरोदर बायकांसाठी त्याची लस आली आहे. अनेक देशांत ती २८ किंवा ३२ व्या आठवड्यापासून देतात. जुळ्यांच्या बाबतीत ३२ पर्यंत थांबणं म्हणजे हाती फार थोडे दिवस उरणं. लस घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत प्रसूती झाली तर बाळाला पुरेसं संरक्षण मिळालं असं धरत नाहीत. अशा वेळी बाळालाच निर्सेव्हिमॅब देता येतं. ही लस नव्हे, तयार प्रतिपिंड आहे. एका इंजेक्शनात साधारण पाच महिने काम करतं. जुळी असतील तर दोघांनाही वेगवेगळं द्यावं लागतं.

सप्तपर्णी

जलरंगताई, त्या औषधात आपला एफसीआरएन पुन्हा भेटतो. निर्सेव्हिमॅबच्या शेपटाकडच्या भागात तीन जागी बदल केले आहेत, त्यामुळे तो ग्राहक त्याला जास्त घट्ट धरतो आणि मोडतोडीतून वाचवतो. मोठ्या माणसांतही हाच ग्राहक आयजीजीचं आयुष्य वाढवत असतो. वारेतलं काम आणि रक्तातलं काम एकाच रेणूचं.

वाटसरू

तुमचा आधीचा खुलासा पटला. मग सगळ्याच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दात्यांच्या रक्तातून काढलेलं आयजीजी का देत नाहीत? जेवढं कमी तेवढं भरून काढायचं.

सप्तपर्णी

करून पाहिलं आहे. २०११ मध्ये नऊ देशांतल्या ३,४९३ बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. संसर्ग झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या नवजात बाळांना ते दिलं होतं. दोन वर्षांच्या वयाला मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांत काहीच फरक पडला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होण्याआधीच ते देण्याच्या प्रयोगांतही संसर्ग किंचित घटला, मृत्यू घटले नाहीत. म्हणून ते सरसकट देत नाहीत. दात्यांच्या आयजीजीत अनेकांची सरासरी असते. आईच्या आयजीजीत आईनं स्वतः भोगलेले आजार आणि घेतलेल्या लशी असतात, आणि बाळ ज्या घरात जाणार त्याच घरातले जंतू आईनं पाहिलेले असतात. माझ्या मते फरक इथे पडत असावा.

शेवंती

थोडा वेगळा प्रश्न. माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पहिल्या बाळाच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (आईत आरएचविरोधी प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात ते) घेतलं होतं. आता जुळी आहेत, दोन वारा. चांगली प्रतिपिंडं जातात तशी वाईटही जात असतील ना? एका बाळाचा गट पॉझिटिव्ह आणि दुसऱ्याचा निगेटिव्ह असू शकतो का?

सप्तपर्णी

शेवंती, एफसीआरएनला चांगलं-वाईट कळत नाही, त्याला फक्त आयजीजी कळतं. त्यामुळे हो, जातात. आणि दोन वेगळ्या बीजांची जुळी असतील तर गट वेगळे असू शकतात. आईकडे आरएचविरोधी प्रतिपिंडं तयार झालेली असतील तर ती दोन्ही बाळांकडे जातील, पण त्रास फक्त पॉझिटिव्ह बाळाला होईल. निगेटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशींवर त्यांना धरायला काही सापडतच नाही. एकाच पोटात, एकाच आईच्या त्याच प्रतिपिंडांतून एकाला कावीळ आणि एक ठणठणीत, असं घडू शकतं.

तू पहिल्या वेळी इंजेक्शन घेतलं आहेस, त्यामुळे अशी प्रतिपिंडं बनली नसण्याचीच शक्यता जास्त. ती आहेत का हे रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. एक मात्र लक्षात ठेव. जुळ्यांच्या प्रसूतीत बाळांचं रक्त आईच्या रक्तात जरा जास्त मिसळण्याची शक्यता असते. त्यामुळे ते किती मिसळलं याची तपासणी करून अँटी-डीचा डोस पुरेसा आहे ना, हे डॉक्टर ठरवतात. तू स्वतःहून आठवण करून दिलीस तरी हरकत नाही.

रानजाई

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, आणि त्यातली अँटी-रो नावाची प्रतिपिंडं माझ्या रक्तात असल्याचं सांगितलं आहे. जुळ्यांचा विचार करतानाच भीती वाटते. दोघांच्याही हृदयाला धोका असतो का?

सप्तपर्णी

रानजाई, भीती मी समजू शकते, पण आकडा बघ. अँटी-रो असलेल्या आईच्या बाळाला हृदयाचे विद्युत संदेश अडून ठोके मंदावण्याचा (हार्ट ब्लॉकचा) धोका साधारण २ टक्के असतो. आधीच्या बाळाला तसं झालं असेल तरच तो बराच वाढतो. प्रतिपिंडं दोन्ही बाळांकडे पोचली तरी दोघांनाही त्रास होतोच असं नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाच बाळाच्या हृदयावर परिणाम झाला आणि दुसरं पूर्ण सुरक्षित राहिलं, अशी उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. म्हणजे प्रतिपिंडं पोचणं हा एक भाग, त्यापुढे बाळाच्या ऊतींत काय घडतं हा दुसरा. १८ ते २६ आठवडे जपायचे, त्या काळात डॉक्टर दोन्ही बाळांच्या हृदयावर वेगवेगळं लक्ष ठेवतात. याच प्रतिपिंडांमुळे बाळाच्या अंगावर येणारं पुरळ मात्र तात्पुरतं असतं. आईची प्रतिपिंडं झिजली की सहा-आठ महिन्यांत ते जातं.

आजारासाठी जैविक औषधं चालू असतील तर तेही आधीच सांगायचं. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही आयजीजीच आहेत, ती याच वाटेनं बाळाकडे जातात आणि जन्मानंतर कित्येक महिने बाळाच्या रक्तात राहू शकतात. अशा बाळांना जिवंत जंतूंच्या काही लशी पुढे ढकलाव्या लागतात. सर्टोलिझुमॅबला एफसीआरएन ज्याला धरतो तो भागच नाही, म्हणून ते जवळजवळ जात नाही. पण औषध स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. आजार उफाळणं बाळांसाठी जास्त वाईट.

कुहू

अजून एक विचारते. दुधातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांचं काय? लवकर जन्मली तर दुधातून भरून निघेल ना? आणि दोघांना दूध पुरलं नाही तर?

सप्तपर्णी

हा प्रश्न १८९२ इतका जुना आहे. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की आईची प्रतिकारशक्ती पिलांना वारेतूनही मिळते आणि दुधातूनही. त्यांनी पिलांच्या आयांची अदलाबदल करून हे वेगळं काढलं. पण प्रत्येक प्राण्याची रीत वेगळी. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं जातच नाहीत, वासराला पहिल्या दिवसाच्या चिकातूनच सगळी घ्यावी लागतात आणि ती त्याच्या आतड्यातून थेट रक्तात जातात. माणसाच्या बाळात रक्तातली प्रतिपिंडं वारेतूनच येतात. दुधातली मुख्यतः आयजीए, म्हणजे प्रतिपिंडांचा वेगळा प्रकार. ती रक्तात फारशी शोषली जात नाहीत, आतड्याच्या आणि घशाच्या अस्तरावर पहारा देतात. त्यामुळे दुधानं वारेतला तुटवडा भरून निघत नाही, पण जिथून जंतू आत शिरतात ते दार सांभाळलं जातं. लवकर जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला याची फार गरज असते.

दुधात एक देखणी सोय आहे. बाळाच्या आसपासचे जंतू आईच्या आतड्यात आणि श्वासनलिकेत पोचतात, तिथल्या पेशी ते ओळखतात आणि स्तनांकडे जाऊन त्यांच्यावरचीच आयजीए दुधात सोडतात. म्हणून बाळं अतिदक्षता विभागात असतील तर आईनं त्यांच्याजवळ जास्तीत जास्त राहावं असं मला वाटतं.

जलरंग

पुरण्याबद्दल मी सांगते. पहिल्या दिवसांत चीक थेंब थेंब येतो. दोन बाळं असली की आई घाबरते. पण त्या थेंबांत आयजीए सर्वांत दाट असते. आम्ही ते थेंब दोन्ही बाळांच्या गालांच्या आतल्या बाजूला लावतो, बाळ अजून पिऊ शकत नसलं तरी. पूर्ण दूध पुरलं नाही आणि वरचं द्यावं लागलं तरी जेवढं आईचं जाईल तेवढं कामाचंच. सगळं किंवा काहीच नाही, असं ते नसतं.

उंबरठा

शेवटचं विचारतो. आमच्या नातेवाइकांपैकी काही जण म्हणतात की बाळं महिनाभर आधी आली, तर लशीही महिनाभर उशिरा द्याव्यात. बाळांचं वय दुरुस्त करून, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून. खरं काय?

जलरंग

उंबरठादादा, लशी जन्मतारखेवरूनच. वाढ, बसणं, रांगणं बघताना दुरुस्त केलेलं वय धरतात. लसीकरणात तसं धरत नाहीत. वर ताईंनी सांगितलं तसं, लवकर आलेल्या बाळाकडची आईची प्रतिपिंडं आधी संपतात, म्हणजे त्याला तर लस वेळेवर मिळण्याची गरज जास्त. ठळक अपवाद हेपॅटायटिस बीच्या जन्मवेळच्या डोसाचा. दोन किलोच्या खालच्या बाळात तो डोस नीट लागू पडत नाही, म्हणून आईला तो आजार नसेल तर काही ठिकाणी थोडं थांबतात किंवा नंतर एक डोस जास्त देतात. तुमचा मुलगा १८०० ग्रॅमचा होता, तेव्हा त्याच्या नोंदवहीत हा डोस कधी दिला ते बघून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मुलीचं वेळापत्रक नेहमीचंच.

उंबरठा

नोंदवही काढून बघितली. मुलाचा डोस नंतर दिलेला आहे, तारीख लिहिली आहे. पुढची भेट पुढच्या आठवड्यात आहे, दोघांनाही तेव्हाच नेतो.